दोन खेळ, एक शरीर: मुंबईत नोकरी सांभाळून दोन खेळांत टिकायचं कसं

मी कबड्डीत डावा कोपरा खेळते, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभी राहून पकडी करते, आणि लांब पल्ल्याचं धावते. लालबागच्या एका मंडळाच्या मातीत अकराव्या वर्षी उतरले. धावायला लागले ती नोकरी लागल्यावर, सव्विसाव्या वर्षी. नोकरी फोर्टमधल्या बँकेत, राहायला भांडुप. गेली 9 वर्षं दोन्ही खेळ चालू आहेत, मधले काही महिने सोडून. त्या महिन्यांचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी तिथेच शिकले.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि मंडळांच्या मैदानी कबड्डी स्पर्धांनाही तेव्हाच जोर असतो. त्या वर्षी शुक्रवारी रात्री प्रकाशझोतात दोन सामने खेळले, शनिवारी उपांत्य सामना, आणि रविवारी पहाटे अर्धमॅरेथॉनच्या गर्दीत उभी राहिले. कबड्डीच्या सरांना मॅरेथॉनचं सांगितलं नव्हतं, धावण्याच्या सरांना सामन्यांचं सांगितलं नव्हतं. दोघांनाही वाटत होतं, ही आराम करतेय. चौदाव्या किलोमीटरला डाव्या नडगीत कळ आली. तशीच पळत राहिले आणि 2 तास 5 मिनिटांत शर्यत संपवली. सोमवारी सीएसएमटीच्या भुयारी मार्गाच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागला. संध्याकाळी घरी अंगठ्याने नडगी दाबत खाली गेले, तर रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी जीव जाईल इतकं दुखलं. एमआरआयमध्ये हाडाला ताणाची इजा निघाली. धावणं 8 आठवडे बंद, कबड्डी त्याहून जास्त.

तेव्हा घरचे, बँकेतले, मंडळातले सगळे एकच म्हणाले: एक ना धड, भाराभर चिंध्या. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दोन खेळ निभतात. फक्त एका वेळी एकच खेळ घरधनी असतो आणि दुसरा पाहुणा. पाहुण्याला जेवायला घालायचं, बसायला द्यायचं, पण घरातल्या वेळा त्याने ठरवायच्या नाहीत. माझ्याकडे त्या जानेवारीत दोघेही घरधनी होते.

आधी जोडी तपासा

आपले दोन खेळ शरीराकडे काय मागतात, ते कागदावर लिहा. काही जोड्या एकमेकींना हात देतात. खो-खो आणि 400 मीटर, मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स, पोहणं आणि वॉटरपोलो यांत एका खेळातली कमाई दुसऱ्यात कामाला येते. माझी जोडी तशी नाही. कोपऱ्यातल्या खेळाडूला मांडीत ताकद, कमरेत वजन आणि 30 सेकंदांच्या चढाईत एका क्षणी झेप घेण्याची ताकद लागते. लांब धावणाऱ्याला हलकं शरीर आणि तास-दीड तास एका लयीत चालणारं इंजिन लागतं.

या ओढाताणीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 साली एका गटाला ताकदीचा आणि दमाचा असे दोन्ही व्यायाम 10 आठवडे एकत्र दिले. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत त्यांची ताकद वाढली, मग अडली आणि घसरायला लागली. नुसता ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांची मात्र वाढतच राहिली. म्हणून घाबरून जायचं कारण नाही, कारण त्या लोकांनी आठवड्याचे जवळजवळ सगळे दिवस दोन्ही व्यायाम जोरात केले होते आणि हौशी खेळाडूला तेवढा वेळच मिळत नाही. पण दोन्ही व्यायाम एकाच दिवशी आले, तर जो खेळ सध्या घरधनी आहे त्याचा आधी करा आणि मध्ये निदान 6 तास जाऊ द्या. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, हे मुंबईच्या नोकरदाराला सहज जमतं.

मोठ्या खेळाडूंनी हे कसं निभावलं, तेही पाहून ठेवा. त्यात निरनिराळ्या वाटा दिसतात. आपल्या बांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज लहान वयोगटात महाराष्ट्राकडून हॉकी खेळली आणि क्रिकेटही, नंतर क्रिकेटच धरलं. डायना एडल्जी क्रिकेटकडे वळण्याआधी ज्युनिअर राष्ट्रीय पातळीवर बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळल्या. लहान वयात दोन्ही आणि मोठेपणी एक, ही सगळ्यांत जास्त तुडवलेली वाट. चुनी गोस्वामींनी एकामागून एक असं केलं. 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार, आणि फुटबॉल मागे पडल्यावर 1971-72 च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचे कर्णधार म्हणून ते आपल्याच ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध उभे होते. ऑस्ट्रेलियाची ॲशली बार्टी टेनिस सोडून एक मोसम ब्रिस्बेनकडून बिग बॅश क्रिकेट खेळली, परत टेनिसमध्ये आली आणि 2019 साली फ्रेंच ओपन जिंकली.

चटका लावते ती एम. जे. गोपालन यांची गोष्ट. 1936 साली त्यांच्यापुढे बर्लिन ऑलिंपिकची हॉकी आणि इंग्लंडचा क्रिकेट दौरा एकदमच आले. त्यांनी क्रिकेट निवडलं. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी मिळाली नाही आणि हॉकी संघ सुवर्णपदक घेऊन आला. त्यांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, आधी कोणाला कळणार होतं? पण दोन खेळांच्या तारखा एकमेकींवर येतात तेव्हा मधला मार्ग उरत नाही, हे त्यातून कळतं. म्हणून पुढचं पाऊल तारखांचं.

आठवडा नंतर, आधी वर्ष वाटून घ्या

बहुतेक जण सोम-बुध-शुक्र हा खेळ, मंगळ-गुरू-शनि तो खेळ, असं करतात. पहिले तीन महिने छान जातं, मग दोन्हीकडची प्रगती थांबते. कारण दोन्ही खेळांना अर्धं अर्धं मिळतं आणि शरीराला कशाचीच सलग मागणी कळत नाही. वाटणी वर्षाची करा.

भिंतीवरचं मोठं कालनिर्णय घ्या आणि दोन रंगांचे पेन. ज्या स्पर्धा वर्षानुवर्षं त्याच सुमाराला येतात, त्या आधी भरा. मुंबईचं खेळाचं वर्ष पावसावर चालतं. 1948 साली सुरू झालेली कांगा लीग तर मुद्दाम पावसाळ्यातलं क्रिकेट म्हणूनच सुरू झाली. पावसात कबड्डी आत मॅटवर जाते, मैदानं बंद पडतात. ऑक्टोबरमध्ये उकाडा अंगावर येतो. दिवाळी झाली की मैदानी स्पर्धांचे मंडप पडायला लागतात ते फेब्रुवारीपर्यंत. मार्च परीक्षांचा, आणि माझ्यासारख्यांच्या बाबतीत वर्षअखेरीच्या हिशेबांचा. मे महिन्यात शिबिरं आणि उन्हाळी स्पर्धा.

माझी वाटणी आता अशी आहे. जून ते सप्टेंबर धावणं घरधनी. पावसात मुंबईची हवा मला धावायला बरी वाटते आणि दमाचा पाया तेव्हाच भरतो. या काळात कबड्डी आठवड्यातून एकदा, मॅटवर, तंत्रापुरती. ऑक्टोबरमध्ये 10-15 दिवस दोन्ही हलकं ठेवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कबड्डी घरधनी, तेव्हा धावणं आठवड्यातून दोनदा आणि संथ. त्यामुळे जानेवारीतली अर्धमॅरेथॉन मी आता वेळेसाठी धावत नाही. त्या आठवड्यात सामना असेल, तर नोंदणीचे पैसे गेले असं समजून घरी बसते. वेळेसाठी धावायचं ते पावसाळा संपता संपताच्या 10 किलोमीटर शर्यतीत. हे स्वीकारायला मला दोन वर्षं लागली. जानेवारीची ती शर्यत म्हणजे मुंबईच्या धावणाऱ्यांचा सण आहे, आणि सणाला घरी बसणं जड जातं.

तुमची जोडी वेगळी असेल तर वाटणीही वेगळी होईल. कॅलेंडर भरून झाल्यावर एकच बघा: एखाद्या महिन्यात दोन्ही रंग गडद झाले आहेत का? झाले असतील तर त्या महिन्यातली एक स्पर्धा आजच काढून टाका. तेव्हाचं तेव्हा बघू म्हणालात, तर दोन्ही खेळाल.

भाराची वही

ही पायरी वगळू नका. दुखापतीच्या बहुतेक खुणा मला आधी या वहीत दिसतात, अंगात नंतर.

शंभर पानी साधी वही पुरते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं: 10 पैकी किती जड गेलं? 1 म्हणजे फेरफटका, 10 म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हतं. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. बस, एवढंच. या पद्धतीचा फायदा असा की चढाई-पकडीचा घाम आणि रस्त्यावरचा घाम एकाच मापात येतात. किलोमीटर मोजून कबड्डी मोजता येत नाही आणि सामने मोजून धावणं मोजता येत नाही.

माझा एक साधा आठवडा: मंगळवारी कबड्डीचा सराव 90 मिनिटं, जड 7, म्हणजे 630. बुधवारी संथ धाव 40 मिनिटं, जड 3, म्हणजे 120. गुरुवारी परत सराव 630. शुक्रवारी ताकदीचा व्यायाम 40 मिनिटं, जड 5, म्हणजे 200. रविवारी लांब धाव 100 मिनिटं, जड 5, म्हणजे 500. एकूण 2080.

दुखापतीनंतर घरी बसले असताना मी त्या जानेवारीच्या आठवड्याचा हिशेब मांडला. दोन सराव मिळून 1260. शुक्रवारच्या दोन सामन्यांची 80 मिनिटं, जड 9, म्हणजे 720. शनिवारचा सामना 40 मिनिटं, 360. रविवारची शर्यत 125 मिनिटं, जड 9, म्हणजे 1125. बेरीज 3465. नेहमीच्या आठवड्याहून दोन तृतीयांश जास्त, आणि त्यातलं 2205 शेवटच्या तीन दिवसांत. बँकेत रोज आकडे जुळवणाऱ्या बाईने स्वतःच्या पायांचा हिशेब कधी मांडलाच नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढा. पुढचा आठवडा तिच्या सव्वापटीच्या वर जायला लागला, की पाहुण्या खेळाचा एक दिवस कापा. हे काही शास्त्राचं वचन नाही, माझ्यापुरता बांधलेला बांध आहे, पण तो मला पुरला आहे. दर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवा. स्नायू लवकर तयार होतात, हाडं आणि कंडरा सावकाश. दम वाढला म्हणून आपण जास्त पळतो, पण नडगीचं हाड अजून मागच्याच महिन्यात असतं.

वहीत आणखी दोन गोष्टी लिहा: रात्री किती तास झोप झाली आणि सकाळी कुठे दुखत होतं.

दोन्ही सरांना सगळं सांगा

सगळ्यांत अवघड पायरी हीच. मंडळात आपण लहानपणापासून असतो. तिथे खेळ म्हणजे घरचंच नातं असतं. "अगं, संघाला गरज असताना तू पळायला जाणार?" हे वाक्य ऐकून गप्प बसणं सोपं असतं आणि मग लपवणं सुरू होतं. पाय बरा झाल्यावर मी आमच्या सरांकडे गेले आणि कॅलेंडरच समोर ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नोव्हेंबर ते फेब्रुवारी तू माझी. बाकी काय करायचं ते कर. पण दुखलं तर पहिला फोन मला." हेच संभाषण आधी झालं असतं तर माझा पाय वाचला असता.

मौसम सुरू होण्याच्या महिनाभर आधी भेटा. तोंडी सांगू नका, तारखा लिहून न्या. कोणत्या महिन्यांत तुम्ही पूर्ण हजर आहात ते आधी सांगा, कधी नसणार ते नंतर. सांघिक खेळात तुमच्या गैरहजेरीचा भार दुसरी कोणीतरी उचलते, म्हणून तुमच्या जागी खेळू शकणारी मुलगी तयार करायला स्वतः मदत करा. मी आमच्या कोपऱ्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीला घोट्याची पकड शिकवते: चढाईपटूचं वजन पुढच्या पायावर आलं की मागचा घोटा धरायचा, आणि पकडताना आपलं डोकं त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं. ती चांगली खेळायला लागल्यापासून मंडळात माझ्या धावण्याबद्दल कोणी बोललेलं नाही.

वजनाचंही सरांशी बोला. कबड्डीत वरिष्ठ महिलांना 75 किलोची मर्यादा आहे. माझी अडचण उलटी: पावसाळ्यातल्या धावण्याने माझं वजन उतरतं आणि नोव्हेंबरमध्ये हात धरून केलेल्या बचावाच्या साखळीत मी ढकलली जाते. म्हणून ऑक्टोबरपासून ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा आणि जेवण वाढवून, असा आमचा करार आहे.

कागदपत्रं: एक फाइल, दोन कप्पे

कबड्डीसाठी मुंबईत दोन वेगळ्या जिल्हा संघटना आहेत, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. नोंदणी मंडळामार्फत होते. माझं मंडळ शहरात आणि घर उपनगरात, असं हजारोंचं असतं, तेव्हा आपली नोंदणी कुठे आहे हे दर मोसमाला स्वतः विचारून घ्या. ॲथलेटिक्सची नोंदणी पूर्ण वेगळी, तिचा जन्मदाखला, फोटो आणि अर्ज वेगळा. दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग आधारकार्डावरच्यासारखंच असलं पाहिजे. एका जुन्या प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं. आयोजकांकडून ते दुरुस्त करून घ्यायला 14 महिने गेले. आता प्रमाणपत्र हातात पडलं की मैदान सोडण्याआधी वाचते.

हे का महत्त्वाचं, ते तरुण मुलामुलींना सांगते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण स्पर्धेचा दर्जा, क्रमांक आणि खेळ पदानुसार ठरलेला असतो आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. मंडळाच्या स्पर्धेची ढीगभर सन्मानचिन्हं तिथे चालत नाहीत. दोन खेळांतली कामगिरी एकत्र करून एक मोठी होत नाही. एका खेळात जिल्हा आणि दुसऱ्यात जिल्हा, याची बेरीज राज्य होत नाही. नोकरी हे ध्येय असेल तर अठरा ते तेवीस या वयात कोणता खेळ घरधनी ठेवायचा, हे या नियमांकडे बघून ठरवा. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या खेळाडू भरतीच्या जाहिरातीत कोणता खेळ आणि कोणती जागा हवी ते स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांना डावा कोपरा हवा असतो, डावा कोपरा अधिक अर्धमॅरेथॉन नको असते.

रजेचं बघायचं तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी वर्षाला 30 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. इतर ठिकाणी नियम वेगळे. आपल्या कार्यालयाचं परिपत्रक मागून वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

रोख बक्षिसांबद्दल लहान मुलांचे पालक विचारतात. पूर्वी हौशी खेळाडूला पैसा वर्ज्य होता. जिम थॉर्प यांनी 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकलं, पण आधी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते म्हणून पुढच्या वर्षी पदकं काढून घेतली. एकमेव विजेता म्हणून त्यांचं नाव परत लागलं ते 2022 साली. एका खेळातल्या पैशाने दुसऱ्या खेळातलं पदक गेलं, म्हणून ही गोष्ट आपल्यासारख्यांना जवळची. आज तशी बंदी बहुतेक खेळांत नाही. नोकरीत असाल तर बक्षिसाची रक्कम कार्यालयाला कळवून ठेवा, एवढं पुरे.

जेवण, घाम आणि लोकल

दोन खेळ खेळणारे कमी खातात. मुद्दाम नाही, वेळ मिळत नाही म्हणून. सकाळी धावून थेट गाडी पकडायची, संध्याकाळी ऑफिसातून थेट सरावाला, आणि रात्री साडेदहाला भूक मरून गेलेली. बायकांमध्ये याची पहिली खूण म्हणजे पाळी पुढे जाणं किंवा बंद होणं. "जास्त व्यायामाने होतं तसं" म्हणून सोडून देऊ नका. खाणं व्यायामाला पुरत नाही असा तो निरोप असतो आणि त्यात हाडं आधी कमकुवत होतात. माझ्या नडगीच्या इजेच्या आधी दोन महिने पाळी चुकली होती. डॉक्टरांनी विचारेपर्यंत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. दम लागतो आणि आपण सराव वाढवतो, हे उलटं औषध होतं.

प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास धरा. 60 किलोच्या मुलीला साधारण 96 ग्रॅम. ऐकायला जास्त वाटतं, पण दिवसभरात वाटलं की जमतं: सकाळी दोन अंडी आणि पोहे, डब्यात मटकीची किंवा चवळीची उसळ, चार वाजता मूठभर चणे-शेंगदाणे, रात्री मासे, चिकन किंवा पनीर. सुकट आणि जवळा हा आपला स्वस्त आणि उत्तम खजिना आहे. सरावाला जाताना लोकलमध्ये खायला राजगिऱ्याचा लाडू आणि केळं. वडापाव सरावानंतर खा, आधी नको.

घाम मोजा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. 1 किलो कमी झालं म्हणजे साधारण 1 लिटर पाणी गेलं. आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात दीड तासात माझं दीड किलो उतरतं. तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका.

झोपेची चोरी लोकल करते. मी हिशेब केला तेव्हा आठवड्याचे 15 तास प्रवासात जात होते. आता बुधवारी पहाटे भांडुपहून लवकर निघते, मरीन ड्राइव्हला धावते आणि तिथूनच ऑफिसला जाते. गर्दीची गाडी टळते आणि बसायला जागा मिळते. वेगाचा सराव करायचा असेल तर प्रियदर्शिनी पार्कचा 400 मीटरचा कृत्रिम ट्रॅक आहे. संथ धावण्यासाठी शिवाजी पार्कची माती नडगीला काँक्रीटपेक्षा मऊ लागते. रविवारच्या स्पर्धेला निघण्याआधी शनिवारीच मेगाब्लॉक बघा. माटुंगा-मुलुंड ब्लॉकमुळे एकदा आमच्या तीन मुली नाणेफेकीनंतर पोहोचल्या होत्या.

बूट दोन जोड हवेतच. धावण्याचे बूट घालून मॅटवर जाऊ नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, पकडीत घोटा वळतो.

दुखापत आणि औषध: दोन्ही खेळांना एकच नियम

नडगी दुखत असेल तर अंगठ्याने दाबत खाली जा. हातभर लांबीत सगळीकडे ठणकत असेल तर बहुधा हाडाच्या आवरणाची सूज असते, भार कमी केल्यावर बरी होते. एका बोटाएवढ्या जागी टोचत असेल, एका पायावर उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर त्याच दिवशी दोन्ही खेळ थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. "धावत नाही, फक्त कबड्डी खेळते" हे चालत नाही, हाडाला खेळ कळत नाही. परत येताना आधी अर्धा तास चालणं न दुखता जमलं पाहिजे, मग 1 मिनिट पळणं आणि 2 मिनिटं चालणं. आधी घरधनी खेळ परत आणा. दोन्ही एका आठवड्यात कधीच नको.

डोक्याला मार लागून गरगरलं, उलटीसारखं झालं, स्कोअर आठवेना झाला तर त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही, आणि दुसऱ्या खेळाच्या सरांनाही त्याच रात्री कळवायचं.

पावसाळ्यात मातीत खरचटतं आणि घरी येताना गुडघाभर पाण्यातून यावं लागतं. जखम असताना साचलेल्या पाण्यातून आलात तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) प्रतिबंधक गोळी लागते का ते तेच ठरवतील. ताप येईपर्यंत थांबू नका.

आणि औषधं. राष्ट्रीय स्पर्धेत हौशी खेळाडूचीही उत्तेजक चाचणी होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाच्या वर बंद आहे. 2022 पासून स्टिरॉइडची सांध्यातली इंजेक्शनंही स्पर्धेच्या काळात बंद आहेत. जिममधल्या पावडरींच्या डब्यांत काय मिसळलेलं असतं ते लेबलवर लिहिलेलं असेलच असं नाही. दोन खेळांच्या खेळाडूने हे पक्कं लक्षात ठेवावं: एका खेळात बंदी आली की ती दुसऱ्या खेळातही लागू होते. धावण्याच्या शर्यतीआधी घेतलेली एक गोळी तुमची कबड्डीही थांबवू शकते. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही स्पर्धा खेळता. नाडाच्या (उत्तेजकविरोधी राष्ट्रीय संस्थेच्या) ॲपवर औषधाचं नाव घालून बघा. आजारामुळे बंदीतलं औषध घ्यावंच लागत असेल तर त्याची परवानगी आधी मागता येते.

विम्याची पॉलिसी काढा आणि अपवादांचं पान वाचा, काही पॉलिसींत स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळलेली असते. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाला 2 लाखांपर्यंत मिळतो. उपचारांचा खर्च त्यात येत नाही, पण 20 रुपयांत तो असलेला बरा.

घरधनी कधी बदलायचा

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मी वही आणि कॅलेंडर घेऊन बसते. गेल्या मोसमात कोणत्या खेळाच्या सरावाला जाताना पाय जड झाले, कोणत्या खेळात संघाला माझी खरी गरज होती, आणि कुठे दुखलं, हे बघते. गेल्या वर्षी पहिल्यांदाच कबड्डीच्या रकान्यात "सकाळी गुडघा आखडलेला" हे 11 वेळा लिहिलेलं सापडलं. मी 35 ची झाले आहे. या जूनमध्ये सरांना भेटायला जाईन तेव्हा नव्या कॅलेंडरवर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले फक्त शनिवार-रविवार कबड्डीच्या रंगात असतील, आणि डाव्या कोपऱ्याच्या पहिल्या सातात त्या सतरा वर्षांच्या मुलीचं नाव मीच लिहून नेईन.